मोरीला आलेला बदामाचा वास

तात्या,

तुमच्यावर पाळत ठेवायचं काम आईनं माझ्याकडे सोपवलं तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो, शाळेत आठवी ते दहावीला संस्कृत शिकवत होतो आणि स्वतःला बराच शहाणा समजत होतो. यातलं वय बदललं आहे, नोकरी तीच आहे, आणि तिसऱ्या गोष्टीबद्दल घरात दोन मतं आहेत. तुम्ही असता तर एकच राहिलं असतं. काम सोपवण्याची तिची पद्धत अशी की मी शाळेतून येऊन चहा घेतोय आणि तिनं तुमचा सदरा माझ्या तोंडासमोर धरला. "नाक लाव." मी लावलं. "कसला वास?" मी म्हणालो, बदामाचा. "मग?" मग काय, खाल्ले असतील बदाम. त्यावर ती जे म्हणाली ते मला अजून जसंच्या तसं आठवतं. "तुझे वडील शेंगदाणा सोलून खायचा कंटाळा करतात, ते बदाम फोडत बसतील? हे केसाचं तेल आहे. आणि ह्यांच्या डोक्यावर केस किती आहेत ते तुला दिसतंच." मग तिनं सदऱ्याची घडी घातली, धुवायला न टाकता कपाटात ठेवली, आणि मला कळलं की हा पुरावा म्हणून जपला जाणार आहे.

नव्वदीच्या उत्तरार्धातली गोष्ट. तुम्ही कारखान्याच्या लॅबमधून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आयुष्यभर उसाच्या रसातली साखर मोजलेल्या माणसानं निवृत्तीनंतर मधमाश्या पाळाव्यात हे मला तेव्हा फार गमतीचं वाटायचं. गोडाचा मोह सुटत नाही म्हणून मी तुम्हाला चिडवायचो, तुम्ही मला "शास्त्रीबुवा" म्हणायचात. बारामतीच्या आपल्या परसात चार पेट्या होत्या. आणि एका सकाळी, पेटीचं झाकण नीट बसवताना, एक माशी तुमच्या मनगटाला चावली. दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, तुम्ही पायरीवर बसता बसता कोसळलात. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि शुद्धीवर आल्यावर स्पष्ट सांगितलं, पुन्हा चावली तर इथवर पोचाल की नाही सांगता येत नाही. घरी आल्यावर आईनं तुमचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "म्हणा, पेट्यांना हात लावणार नाही." तुम्ही म्हणालात. मी साक्षीदार होतो. त्याच आठवड्यात चारही पेट्या इंदापूर तालुक्यातल्या एका बागेत देऊन टाकल्यात. तिथल्या डाळिंबांना फळ धरत नव्हतं, त्यांना माश्या हव्याच होत्या. विषय संपला, असं आई समजली. मीही समजलो.

मग तुमचं दर गुरुवारी इंदापूरला जाणं सुरू झालं. कारण विचारलं की म्हणायचात, जुना सहकारी आहे, बुद्धिबळ खेळतो. आईचं म्हणणं, बुद्धिबळ खेळणाऱ्याच्या चपलेला इतकी काळी माती कशी लागते? तिच्या संशयाची बांधणी कुणाही नैयायिकाला मान खाली घालायला लावेल अशी होती. वास आहे, म्हणजे तेल आहे. तेल आहे, म्हणजे केस आहेत. केस ह्यांचे नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत. मी मुद्दाम विचारलं, "कशावरून तात्या पेट्यांकडेच जात नसतील?" ती इतक्या शांतपणे माझ्याकडे बघत राहिली की मीच वरमलो. "माझ्या डोक्यावर हात ठेवलाय त्यांनी. ते शपथ मोडणार नाहीत." तात्या, तुमच्यावरचा तिचा विश्वास तुम्हाला इतका महागात पडला. मधमाश्यांबद्दल शपथ झाली होती म्हणून तिकडून तुम्ही निर्दोष होतात. बाईबद्दल कुणी शपथ घेतली नव्हती, म्हणून तेवढीच जागा मोकळी राहिली.

तर मी एका गुरुवारी रजा टाकून इंदापूरच्या एसटीत मागच्या बाकावर, वर्तमानपत्राआड बसलो आहे. तुम्ही पुढं, कंडक्टरच्या शेजारी, मांडीवर कापडी पिशवी. अंथुर्ण्याला तुम्ही उतरता. इंदापूर अजून लांब आहे, म्हणजे बुद्धिबळाचा डाव इथंच उधळला. तुम्ही एका टेंपोत बसून वरकुटे गावाच्या वाटेला लागता, मी मागून येणाऱ्या दुधाच्या जीपला हात करतो. संस्कृत काव्यात भुंगा म्हणजे या फुलावरून त्या फुलावर जाणारा चंचल पुरुष. वर्गात मी हे शिकवताना मुली खाली बघून हसतात. आणि इथं मी माझ्या साठीच्या बापाला त्या भूमिकेत पकडायला निघालो आहे. जीपवाला विचारतो, कुणाकडं जायचं? मी उत्तरादाखल नुसतं पुढं बोट दाखवतो.

बागेत शिरलो आणि डाळिंबाच्या झाडाआड उकिडवा बसलो. डाळिंबाचं झाड काही माणूस लपावा इतकं दाट नसतं, हे मला तिथं बसल्यावर कळलं. समोर तुम्ही होतात. डोक्यावर जुनी हॅट, तिच्यावरून मच्छरदाणीची जाळी गळ्यापर्यंत सोडलेली, सदऱ्याच्या बाह्या मनगटाशी सुतळीनं बांधलेल्या. आंतरपाट धरायचाच तेवढा बाकी आहे अशा नवरीसारखे दिसत होतात. आणि तुमच्यासमोर त्याच आपल्या चार पेट्या. मला इतकं हायसं वाटलं आणि पाठोपाठ इतकी भीती वाटली की दोन्हींत मी उठून उभा राहिलो.

"कोन हाय रं तिकडं?" मागून आवाज आला. बागेच्या मालकीण. चाळिशीच्या, हातात खुरपं. सासरे मेंढरं राखायचे, नवऱ्यानं विहीर पाडून डाळिंब लावलं, आणि तो गेल्यावर बाग ह्याच बघत होत्या, हे मला नंतर कळलं. सगळे त्यांना आक्का म्हणत. "डाळिंबं तोडाय आला असशील तर अजून हिरवी हायती. दोन म्हैन्यानं ये."

"मी... मी यांचा मुलगा."

आक्कांनी मला वरून खाली पाहिलं आणि तुम्हाला हाक मारली. "तात्या, तुमचं पोरगं आलंय. झाडाआड बसून बघतंय. ह्येला काय हुडकायचं हुतं?"

तुम्ही जाळीतूनच म्हणालात, "बसू द्या त्याला. अंथुर्ण्यापासून बघतोय मी. शास्त्रीबुवा, पाळत ठेवायची तर पेपर आजचा घ्यावा. तुमचा मंगळवारचा होता."

त्या दिवशी मला तो वास कळला. तुम्ही पिशवीतून पिंगट काचेची बाटली काढलीत, एका फळीला आतून ठोकलेल्या फडक्यावर मोजके थेंब टाकलेत आणि पेटीचं वरचं झाकण काढून तिथं ती फळी ठेवलीत. सगळीकडे बदाम. पाच मिनिटांत पेटीच्या वरच्या, मधाच्या मजल्यातल्या माश्या खाली उतरल्या, एखाद्या सभेतून भाषण सुरू होताच माणसं निघून जावीत तशा, न चिडता, न भांडता. मग तुम्ही मधाची चौकट अलगद उचललीत. तिच्यावर एकही माशी नव्हती. "धूर करायचा नाही, झटकायचं नाही, हात घालायचा नाही," तुम्ही म्हणालात. "बेंझाल्डिहाइड. पुण्याहून आणतो. या वासाला त्या उभ्या राहत नाहीत." आणि मग लॅबमधला जुना माणूस जागा झाला. बिस्किटात जो बदाम लागतो तो हाच, कुल्फीत हाच, अंगाच्या साबणात, केसाच्या तेलात, अत्तरात हाच. कडू बदामात तो मुळात असतो, जर्दाळूच्या आठळीतल्या बीत असतो. "आणि आपण खातो त्या गोड बदामात?" मी विचारलं. "जवळजवळ नाहीच. घरी जाऊन हुंगून बघ. ज्याला बदामाचा वास येतो, त्यात बदाम असेलच असं समजू नकोस." बाटलीच्या तोंडाशी पांढरे कण साचले होते, ते नखानं काढून तुम्ही माझ्या तळहातावर ठेवलेत. हवा लागली की त्याचं आम्ल होतं, सरबतं टिकवायला जे घालतात तेच, म्हणून बूच घट्ट लावायचं. मी तेवढं लक्षात ठेवलं. विद्यार्थी म्हणून मी वाईट नव्हतो.

मी शपथेची आठवण करून दिली. तुम्ही जाळी काढून बांधावर बसलात. "शपथेनं माणूस मरत नाही, माशीनं मरतं. म्हणून माशीची व्यवस्था केली आहे. आठ महिन्यांत एक काटा लागला नाही." मी म्हणालो, मग हे आईला सांगा. सदऱ्याचा वास, कपाटातली घडी, केसाचं तेल, सगळं मी सांगून टाकलं. मला वाटलं तुम्ही चिडाल. तुम्ही इतके हसलात की आक्का खुरपं टाकून आल्या. त्यांना काही सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, कारण त्या संशयात निम्मा वाटा त्यांचा होता. मग तुम्ही मला हळूच म्हणालात, "तिला संशय आहे ना, असू दे. संशय असला की ती भांडते, जेवते, झोपते. काळजी लागली तर दर गुरुवारी संध्याकाळपर्यंत दारात उभी राहील. त्यापेक्षा हे बरं." मला ते फार समंजस वाटलं. तुमच्या सगळ्याच चुकीच्या गोष्टी मला समंजस वाटायच्या, कारण तुम्ही त्या सावकाश सांगायचात.

घरी येऊन मी आईला सांगितलं, बुद्धिबळ खरं आहे. तिनं विचारलं, कोण जिंकलं? मी म्हणालो, तात्या. "मग खोटं आहे," ती म्हणाली. "ते हरल्याशिवाय इतके खूश होऊन घरी येत नाहीत." त्यानंतर ती माझ्यावरही लक्ष ठेवू लागली. तुम्ही गुरुवारी परतलात की मी आधी पुढं होऊन तुमचा सदरा हुंगायचो, ती आतून म्हणायची, "हुंगून झालं की इकडे आण." तुम्ही अंगणातच कार्बोलिक साबणानं हात धुवायला लागलात. त्यानं संशय वाढलाच. निर्दोष माणूस संध्याकाळी पाच वाजता अंगाला दवाखान्याचा वास लावून घरात शिरत नाही. मला त्या दिवसांची आता लाज वाटायला हवी, पण खरं सांगतो, मजा यायची. घरात तिघंही एकमेकांना हुंगत होतो, आणि काय झालं आहे ते तिघांपैकी दोघांना ठाऊक होतं.

मग तो फाल्गुनातला बुधवार. शाळेतून आलो तर दारातच बदाम. पुढच्या खोलीत बदाम, माजघरात बदाम, आणि मोरीपाशी तर श्वास अडकावा इतका. आई मोरीच्या उंबऱ्यावर बसली होती आणि तुमची पिंगट बाटली तिच्या मांडीवर आडवी होती, रिकामी. धान्याच्या कोठीमागं पिशवीत सापडली, म्हणाली. "वासाचं तेल बाटलीनं नेऊन देतात तिला. दिलं ओतून." तिचे डोळे कोरडे होते, तेच मला बघवलं नाही. "आता बघू, उद्या काय घेऊन जातात." मी विचारलं, तात्यांना कळलंय का? नाही, ते दाढी करायला गेले होते. ती म्हणाली, "तू काही बोलू नकोस. त्यांनी स्वतः विचारू दे, बाटली कुठं गेली म्हणून. विचारलं की सापडले."

तात्या, मी दहा मिनिटं तिथं उभा राहिलो. तुम्ही विचारणार, ती बोलणार, तुम्ही रागाच्या भरात मधमाश्यांचं सांगून बसणार, शपथ मोडली हे तिला कळणार. बाईपेक्षा ते तिला जास्त लागलं असतं, हे मला दिसत होतं. मी तिला म्हणालो, बाटली मी टाकून येतो. ती हो म्हणाली. मी सायकल काढली आणि बाजारात, बेकरीवाले जिथून सामान घेतात त्या दुकानातून, बदामाच्या इसेन्सची मोठी बाटली घेतली. गल्लीच्या तोंडाशी उभा राहून तुमची पिंगट बाटली होती तितकी भरली. थोडंसं पांढुरकं झालं, पण काच पिंगट होती. नाकाशी धरली. तोच वास. तुमचं नाक चाळीस वर्षं मळीच्या वासात मुरलेलं. तुम्हाला फरक कळणार नाही. बूच घट्ट लावलं. बाटली पिशवीत घालून पिशवी होती तिथं ठेवली. गुरुवारी सकाळी तुम्ही काही न विचारता पिशवी उचलून निघालात, आणि आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. तिला कळेना, बाटलीबद्दल काहीच न विचारता हा माणूस इतका निवांत कसा गेला.

दुपारी शाळेत फोन आला. आक्कांच्या दिरांनी गावातल्या एसटीडीवरून केला होता. तात्यांना जीपमधून इंदापूरला आणलंय, तुम्ही या. मी पोचलो तेव्हा तुम्ही नव्हतात. आक्का बाहेर भिंतीशी बसल्या होत्या. त्यांनी जे सांगितलं ते असं. "आज तात्या म्हनले, औषध चालंना. फडकं ठिवलं, माशा हालंनात. परत वतलं, तरी हालंनात. उलट वर चढायला लागल्या. मग त्यांनी फडकं काडून जाळी वर क्येली अन् नाकाला लावलं. म्हनले, वास तर हाय की. अन् तेवड्यात मानंला हात मारला." त्यांनी पदराखालून बाटली काढून माझ्या हातात दिली. "ह्ये पान्यावानी झालंय, मास्तर. आदी आसं नव्हतं."

मी आत गेलो. तुमचा चेहरा थोडा सुजला होता. उजव्या कानामागं, केस जिथं संपतात तिथं, काटा होता, बारीक, काळसर. मी तो नखानं काढला. डॉक्टरांनी विचारलं, छातीचा त्रास होता का? मी होय म्हणालो. उन्हात काम करत होते? होय. मी सांगितलं तितकंच त्यांनी लिहिलं. बाहेर येऊन मी आक्कांच्या पाया पडलो आणि म्हणालो, आईला माश्यांचं सांगू नका, शपथ होती त्यांची, तिला सहन व्हायचं नाही. चक्कर आली एवढंच सांगा. आक्का विचार न करता म्हणाल्या, "न्हाय सांगनार. त्यात काय येवडं." त्यांना तेव्हा लक्षात आलं नाही, आणि मला आलं पण उशिरा, की माश्या काढून घेतल्या तर भरदुपारी त्यांच्या बागेत परक्या पुरुषाला यायला दुसरं कारणच उरत नाही.

आईला लगेच लक्षात आलं. बाराव्याला आक्का दिरासोबत आल्या, डाळिंबाची पाटी घेऊन. आई उठली, त्यांच्याजवळ गेली, आणि तिनं सगळ्यांदेखत त्यांच्या केसांना नाक लावून हुंगलं. मग म्हणाली, "आज तेल नाही लावलं?" आक्कांनी माझ्याकडे पाहिलं. मी पंगतीला पाणी वाढायचा तांब्या उचलला. त्या पाटी तिथंच ठेवून गेल्या. पेट्या त्यांनी त्या महिन्यातच कुणाला तरी देऊन टाकल्या. पुढची कित्येक वर्षं त्यांच्या गावात, बाजारात, पाहुण्यारावळ्यांत त्यांना कुणी काय काय म्हटलं, ते मला तुकड्या तुकड्यांनी कळत राहिलं. त्यांनी एकदाही माश्यांबद्दल तोंड उघडलं नाही. आणि शपथ मोडल्यानं आईला काहीही झालं नाही, हे तुम्हाला सांगायला हवं. ती ऐंशी ओलांडून ठणठणीत आहे. तुमचं शास्त्र तेवढं बरोबर निघालं.

तुमच्यावरचा राग तिनं फार नीट सांभाळला आहे. सकाळी तुमच्या फोटोला फूल घालते आणि म्हणते, "घ्या, तुम्हाला वासाची आवड." सणाला गोड करताना बदामाची वस्तू घरात येऊ देत नाही. मी कधीतरी म्हटलं, आई, तसं काही नसेल. ती म्हणते, "मग काय होतं? तू सांग." त्या क्षणी मला रस्ता मोकळा असतो. मी तो अजून घेतलेला नाही.

गेल्या आठवड्यात आक्का दारात आल्या. सत्तरी उलटलेली, काठी, नातवाच्या मोटारसायकलवर. आई आत झोपली होती. त्या ओसरीवर बसल्या, पाणी घेतलं नाही. "मास्तर, मला आता काय कुनाला भ्यायचं न्हाय. पर नातीचं जमतंय. तिकडची मानसं इच्यारत्यात, आजीचं ते काय हुतं म्हनून. वहिनी हायत तवर त्यांच्या तोंडून एकदा येऊ द्या, तसं काय नव्हतं म्हनून. मी लई दिस गप बसले. तुमीच म्हनला हुता." मी म्हणालो, सांगतो. "कवा?" या आठवड्यात. त्या उठल्या, काठी टेकून थांबल्या आणि म्हणाल्या, "तात्यांचा मला कंदी राग आला न्हाय. तुमचा आला." त्यांनी बाटलीबद्दल काही विचारलं नाही. पण फळ हातात तोलून बघावं तसं एकदा माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना पहिल्यापासून संशय आहे.

आठवडा आज संपतो. मी आईला सांगायला बसलो नाही, तुम्हाला लिहायला बसलो. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गप्प आहे तो तिच्यासाठी. माश्यांचं सांगितलं की ती विचारणार, मग त्या दिवशीच औषध का चाललं नाही? आणि ती इतकी हुशार आहे की मोरीपर्यंत स्वतःच पोचेल. आपण ओतलं म्हणून ते गेले, असं घेऊन बसेल. हा युक्तिवाद मला फार उपयोगी पडला. पण तो लंगडा आहे, तात्या, आणि दहावीचा मुलगाही तो पाडेल. तिनं ओतलं म्हणून तुम्ही गेला नाहीत. रिकामी बाटली सापडली असती तर तुम्ही त्या गुरुवारी घरी बसला असता, भांडण झालं असतं, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन नवी आणली असतीत. तुम्ही गेलात ते मी भरली म्हणून. पूर्ण खरं सांगितलं तर तुम्ही सुटता, आक्का सुटतात, आईही सुटते. अडकतो तो एकटा मी. तुमची बदनामी मी माझ्यासाठी सांभाळून ठेवली आहे.

आणि वासानं फसलो, सारखा वास म्हणून सारखी वस्तू समजलो, असं जे मी वर लिहिलंय, तेही पुरतं खरं नाही. दुकानदारानं बाटली देताना सांगितलं होतं, "हे पातळ आहे हं मास्तर, भट्टीवाल्यांचं. वास तेवढा येतो." मी ऐकलं होतं. ऐकून मला बरं वाटलं होतं. म्हटलं, चालणार नाही, दोन-चार गुरुवार माश्या हलणार नाहीत, तुम्ही कंटाळून पेट्यांचा नाद सोडाल, आणि शपथ आपोआप खरी होईल. तुम्ही वास घ्यायला जाळी वर कराल, हे माझ्या मनात आलं नाही.

आई उठली आहे. आतून विचारते, "कुणाला एवढं लिहितोयस?" मी म्हणालो, पेपर तपासतोय. "मग लाल पेन कुठंय?" ती म्हणाली. मी लाल पेन शोधून हातात घेतलं आहे.